दोन बादल्या आणि एक तांब्या

कूलरचं गवत बदललं, की माझ्या लेखी उन्हाळा सुरू होतो. त्याआधी कॅलेंडर काहीही म्हणो. परवा ते बदललं. नव्या गवतावर पहिलं पाणी झिरपलं, खोलीभर तो ओला, जरासा कडवट वास पसरला, आणि मी हातातलं काम सोडून उगाचच बसून राहिले. बाहेर जळगावचं दुपारचं ऊन. समोरचे पत्रे तापून तडतडत होते. शेजारच्या गच्चीवर लुगड्याच्या पदरावर कुरडया वाळत पडल्या होत्या आणि एक पोरगी कावळे हाकलण्याच्या निमित्ताने अर्धवट ओल्या कुरडया खात बसली होती. म्हणजे आखाजी जवळ आली.

उरलेल्या महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हटलं की सोनं आठवतं. आमच्या खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या मुलींनी माहेरी यायचा सण. निंबाच्या, म्हणजे कडुनिंबाच्या, झाडाला झोके बांधायचे, खापरावर मांडे भाजायचे, आमरसाचे हात कोपरापर्यंत चाटायचे आणि दुपारभर सासरच्या माणसांच्या नकला करायच्या. एरवी वर्षभर समंजसपणाने वागणाऱ्या बायका त्या चार दिवसांत अशा उंडारतात की बघत राहावं. मला हा सण फार आवडतो. जगातल्या कुठल्याही सणाला इतकं साधं आणि इतकं योग्य कारण असेल असं मला वाटत नाही.

पण गेल्या वर्षापासून कूलरच्या या वासाबरोबर मला आणखी एक वास येतो. तापलेल्या बॉनेटवर ओलं फडकं फिरलं की येतो तो. धूळ, साबण आणि गरम पत्रा.

मी वेबसाइटी बनवते. घरातल्या मागच्या खोलीत, कूलरसमोर बसून. लोकांना वाटतं हे काम पुण्या-मुंबईत बसूनच करायचं असतं. मी सांगत बसत नाही. दवाखाने, बियाण्यांची दुकानं, एक मंगल कार्यालय, असली माझी गिऱ्हाइकं. गेल्या वर्षी याच दिवसांत धुळ्याहून कल्पनाचा फोन आला. कल्पना माझी जामनेरची मैत्रीण. शाळेत एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती धुळ्याला गेली, तिच्या नवऱ्याने, भगवानभाऊंनी, गाड्या धुण्या-पॉलिश करण्याचं छोटंसं दुकान टाकलं. दुकानाला नाव कुलदेवीचं आणि पुढे 'कार केअर'. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ज्योते, आमची वेबसाइट आहे ना, ती काढ आधी. आजच काढ."

"अगं, ती मी केलीच नव्हती. काय झालं?"

"बायका हंडे घेऊन दारात येऊन बसल्यात."

झालं होतं असं, की भगवानभाऊंनी कुणा ओळखीच्याकडून वेबसाइट करून घेतली होती. त्या माणसाने तयार साचा उचलला, त्यात नाव-पत्ता घातला आणि मोकळा झाला. पहिल्याच पानावर एक व्हिडिओ. एक काळीभोर परदेशी गाडी, तिच्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे, मागे हिरवीगार टेकडी. भगवानभाऊ त्यावर इतके खूश झाले की त्यांनी तो व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर टाकला. ऐन उन्हाळ्यात! ज्या गल्लीत नळाला पाणी यायची वाट बघत बायका डोळे लावून बसतात, टँकरच्या पाइपावरून भांडणं होतात, त्या गल्लीच्या ग्रुपवर. मला तर ऐकूनच हसू आलं, पण कल्पना हसत नव्हती. गल्लीने जागामालकांकडे तक्रार नेली होती. मालक भांडणाला भिणारे. त्यांनी सांगून टाकलं, आखाजी झाली की जागा खाली करा.

"दुसरी जागा?"

"या रस्त्यावर? आम्हाला कोण देतं? ह्यांचे चुलतभाऊ सुरतेला बोलावतायत, तिथल्या गॅरेजमध्ये. पण माझे सासरे इथून हलायला तयार नाहीत, आणि आबांना एकटं सोडून मी जाणार नाही. म्हणजे हे तिकडे आणि आम्ही इकडे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ज्योते, मला सुरत नको गं."

आमच्याकडे सुरत हा शब्द कुणी उच्चारला की पुढचं सांगावं लागत नाही. प्रत्येक गल्लीतून कुणी ना कुणी तिकडे गेलेलं असतं आणि दिवाळीला चार दिवस येतं. मी दुसऱ्या दिवशीची सकाळची एस.टी. पकडली.

एरंडोल, पारोळा मागे टाकत गाडी धुळ्याकडे चालली होती. खिडकीची काच उघडली तर भट्टीचा झोत यायचा, बंद केली तर जीव गुदमरायचा. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली रानं, मध्येच एखादा डेरेदार निंब. रस्त्यावर गाड्याच गाड्या. सगळ्या आमच्याच रंगाच्या, म्हणजे धुळीच्या. त्यांचा मूळ रंग कोणता ते फक्त आरटीओला माहीत असावं.

दुकानाच्या दारात निंबाखाली खाटेवर आबा बसले होते. आबा म्हणजे कल्पनाचे सासरे. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि जगातल्या सगळ्या नव्या गोष्टींबद्दल एक स्वच्छ अविश्वास.

"ये वं माय, बठ. आधी पानी पे, मंग ते मोबाइलनं देख," ते म्हणाले.

पाणी प्यायले. मग आम्ही चौघांनी मिळून तो कुप्रसिद्ध व्हिडिओ पाहिला. भगवानभाऊ मान खाली घालून उभे होते. आबांनी मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "हाई गाडी आपली नही, पानी आपलं नही, आनि हाऊ डोंगर बी आपला नही."

गंमत अशी की भगवानभाऊंच्या दुकानात पाणी असं उडतच नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. मी समोर उभी राहून पाहिलं. दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, बोअरचं, जे इतकं क्षारट की पिण्याच्या कामाचं नाही. जाड मऊ फडकं बुडवायचं, पिळायचं, टपापासून खाली पुसत यायचं, चाकं शेवटी. गाडी धुऊन उरलेलं पाणी आबा निंबाच्या आणि लिंबाच्या आळ्यात ओततात. म्हणजे हा माणूस घरच्या बाईने भांडी घासावीत तितक्या जपून गाड्या धुतो आणि वेबसाइटवर मात्र धबधबा सोडून बसला. लोक फुशारकीसाठी खोटं बोलतात हे मला ठाऊक होतं. इथे खरं जास्त चांगलं होतं आणि ते कुणाला दाखवावंसंच वाटलं नव्हतं. मला रागच आला.

त्या दिवशी मी दुपारभर तिथेच बसले. नवी वेबसाइट करायची तर गिऱ्हाईक बघायला हवं, असा माझा आपला हट्ट. जी काही थोडी गिऱ्हाइकं येत होती, ती चोरासारखी येत होती. एकाने गाडी मागच्या बाजूला लावली, गल्लीतून दिसू नये म्हणून. दुसरा हळूच म्हणाला, "भाऊ, पाणी कमी वापरा हां, लोक बघतात." एका गाडीचं मागचं दार उघडलं तर सगळ्यांना शिंका. दोंडाईच्याहून मिरची भरून आणली होती आणि बिया सीटच्या फटीफटींत गेल्या होत्या. भगवानभाऊ नाकाला रुमाल बांधून आत शिरले आणि आतूनच शिंकत राहिले.

मी सहज विचारत होते, कुठे निघालात? एक म्हणाला, शिरपूरला, बहिणीला घ्यायला. दुसरा नंदुरबारला, बहिणीलाच. मिरचीवाला साक्रीकडे, त्याला दोन बहिणी, एकीला घरी सोडून मग दुसरीला आणायचं होतं. सगळेच मुऱ्हाळी. सासरहून मुलीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुऱ्हाळी. गाडी चकचकीत दिसण्याशी यांना काही देणंघेणं नव्हतं. बहिणीच्या सासरच्या अंगणात आपली गाडी मळकी उभी राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं. तिच्या जावा बघणार, सासू बघणार. भाऊ कसा आला यावरून वर्षभर तिचं वजन ठरणार.

मला एकदम माझी आत्या आठवली. तिला आणायला माझे काका बैलगाडी घेऊन जायचे. निघायच्या आदल्या दिवशी बैल नदीवर नेऊन घासूनपुसून लख्ख करायचे, शिंगांना तेल लावायचे, गाडीत नवं गवत आणि त्यावर आजीची चांगली गोधडी. आम्ही पोरं त्या गोधडीवर लोळायला गेलो की पाठीत धपाटा बसायचा. रिकामी गाडी निघून जायची आणि आम्ही फाट्यावर जाऊन वाट बघत बसायचो. परत येताना घुंगरांचा आवाज आधी यायचा, मग धुळीत आत्याचा हिरवा पदर. ती गाडीतून उतरायची नाही, उडीच मारायची. चाळिशीची बाई. आज बैलांच्या जागी गाडी आली, पण निघण्याआधी ती धुवायची ही रीत काही सुटलेली नाही.

"सगळ्यांच्या बहिणी आमच्या दारावरून माहेरी जातात," कल्पना चहाचा कप हातात देत म्हणाली.

"आणि तू?"

"वेडी आहेस का? आखाजीलाच तर गर्दी. पहिली काही वर्षं भाऊ यायचा जामनेरहून. मी नाही म्हणायची. मग त्याने यायचं सोडलं." ती हसली आणि उरलेले कप उचलून आत गेली. खाटेवर आबा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

पुढचे काही दिवस मी कूलरसमोर बसून ते पान रचलं, मोडलं, परत रचलं. फोनवर भगवानभाऊंशी हुज्जत चालू होती. त्यांना काळी गाडी सोडवत नव्हती. "ज्योतीताई, थोडं शायनिंग तर पाहिजे ना?" मी म्हटलं, भाऊ, तुमच्या गिऱ्हाइकाकडे तसली गाडी नाही, ती बघून तो समजतो की हे दुकान आपल्यासाठी नाही. ते कुरकुरत कबूल झाले. मग मी त्यांच्याकडून फोटो मागवले. मिरचीवाल्याची गाडी, आधीची आणि नंतरची. निंब. आबा आळ्यात पाणी ओतताना. आबांनी आधी फोटोला साफ नकार दिला आणि मग नवी टोपी घालून आले. मजकूर सगळा मराठीत. वर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न, 'आखाजीला बहिणीला आणायला निघालात?' त्याखाली दोन बादल्यांचा फोटो. जुन्या, एकीचा कान वाकलेला. आणि ओळ, 'एका गाडीला दोनच बादल्या. पाणी बोअरचं, पिण्याचं नाही. उरलेलं झाडांना.' त्याखाली गाडी कधी आणणार ते कळवायचं बटण. बस. माझ्या आयुष्यात मी इतकं साधं पान केलं नव्हतं, आणि कुठलं इतकं आवडलंही नव्हतं.

पान सुरू झालं आणि काहीच झालं नाही. हे असंच असतं. आपण जीव ओतावा आणि जगाने जांभई द्यावी. आखाजी तोंडावर आली होती. शेवटच्या काही दुरुस्त्यांसाठी मी पुन्हा धुळ्याला गेले, आणि त्याच दिवशी शोभाअक्का आल्या.

शोभाअक्का म्हणजे हंडे घेऊन आलेल्या बायकांच्या पुढारी. सुनेने त्यांना मोबाइलवर नवं पान दाखवलं होतं. हातात तो मोबाइल, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, ऊन म्हणून बाई घरून पाणी घेऊनच निघालेली. त्यांनी पडद्यावरच्या बादल्या पाहिल्या, समोरच्या बादल्या पाहिल्या.

"ह्याच शेतस का त्या?"

"ह्याच, अक्का," कल्पना म्हणाली.

"मंग मी आठेच बठस. तिसरी बादली लागनी, ते मालकले फोन करसू." आणि आबांनी सरकून दिलेल्या जागेवर खाटेच्या कोपऱ्यात त्या ठाण मांडून बसल्या.

नेमकी त्याच वेळी एक गाडी आली. रानातून थेट आलेली जीप. चाकांपासून टपापर्यंत मातीने लिंपलेली, काचांवर किड्यांचे डाग, मागे कुणीतरी बोटाने नाव लिहिलेलं. चालवणारा विशीतला तरुण, पहिल्यांदाच मुऱ्हाळी निघालेला. बहीण गेल्याच वर्षी चोपड्याकडे दिलेली. एरवी भगवानभाऊंनी अशा गाडीसाठी आणखी अर्धी बादली घेतली असती, नाही असं नाही. पण पानावर दोन लिहिलं होतं, आणि समोर अक्का.

भगवानभाऊ कामाला लागले. फडकं बुडायचं, पिळलं जायचं, एक एक थेंब परत बादलीत. टप झाला, दारं झाली. साबणाच्या बादलीतलं पाणी चहासारखं झालं. भगवानभाऊंच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मला वाटत होतं, तोही बादलीत पडला तर बरं. कल्पना कोरडं फडकं घेऊन मागून पुसत होती. पुढची काच झाली. चाकं झाली. दुसऱ्या बादलीचा तळ दिसायला लागला, मग बादली रिकामी झाली, आणि मागची काच राहिली. पूर्ण. चिखलाची.

भगवानभाऊ रिकामी बादली धरून उभे राहिले. कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. सुरत तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली.

"बस, भाऊ, चालेल," तो तरुण म्हणाला. "मागचं कोण बघतं?"

शोभाअक्का उठल्या. "बहिननी सासरले अशी काच लई जाशी का रे? तिनी सासू काय म्हनी?" असं म्हणत त्या जीपच्या मागे गेल्या आणि घरून आणलेला, स्वतः प्यायचा तो तांब्या त्यांनी काचेवर हळूहळू ओतला. एका हाताने ओतत होत्या, दुसऱ्या हाताने, पदराच्या टोकाने, चोळत होत्या. कल्पना धावली फडकं घेऊन. दोघींनी मिळून ती काच पुसली. मी तिथे नुसती उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. का ते तेव्हा कळलं नाही. जी बाई पाणी मोजायला आली, तिनेच आपल्या तहानेचं पाणी एका अनोळखी मुलीच्या इभ्रतीसाठी ओतलं होतं. पाण्याची किंमत ठाऊक असलेलं माणूसच ते असं देऊ शकतं, असं मला आज वाटतं. याच सणाला आम्ही गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरून ठेवतो. दुसरं काही नाही, पाणीच. त्या मुलखात काळ्या गाडीवरचा तो धबधबा लोकांना किती लागला असेल!

जीप निघून गेली. अक्का रिकामा तांब्या घेऊन माझ्याकडे वळल्या. त्या पानावरची दोन बादल्यांची ओळ मी लिहिली, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"खोटं नको लिखू. दोन बादल्या नि एक तांब्या, असं लिखी टाक."

मी तिथेच बसून लिहिलं. 'एका गाडीला दोन बादल्या. आणि फारच मळली असेल तर एक तांब्या.' संध्याकाळी अक्कांनी मालकांना फोन केला खरा. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण मालकांनी दुकान राहू द्यायचं कबूल केलं, आणि कल्पनाचा जीव भांड्यात पडला. ती ओळ मग गल्लीच्या ग्रुपवर गेली, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, आणि आखाजीच्या आदल्या दोन दिवसांत दुकानासमोर गाड्यांची रांग लागली. आता कुणी मागे लपवून लावत नव्हतं. रांगेतले लोक उतरून आपसांत बहिणींची गावं सांगत होते. कल्पना मात्र त्या वर्षीही माहेरी गेली नाही. गर्दीच इतकी होती की तिला विचारायची सोयच नव्हती.

वर्षभर दुकान चाललं. भगवानभाऊ सुरतेचं नाव काढत नाहीत. मी अधूनमधून पानावर काहीबाही बदलते, त्यांना अजूनही थोडं शायनिंग हवंच असतं.

आज सकाळी आखाजीच्या गर्दीसाठी वेळा टाकायच्या म्हणून मी दुकानात फोन केला. बराच वेळ वाजला. शेवटी आबांनी उचलला. आबा फोनवर ओरडून बोलतात, मधलं अंतर आवाजानेच कापायचं असल्यासारखे.

"दुकान बंद शे, माय!"

"बंद? काय झालं, आबा?"

"काय व्हई? सून माहेरले गयी. तिना भाऊ उना व्हता लेवाले. मीच बलायं त्याले."

आबांनी स्वतः जामनेरला फोन लावला होता. भाऊ काल सकाळी येऊन दारात उभा राहिला, तोवर कल्पनाला पत्ता नव्हता. तिने गर्दीचं कारण सांगून पाहिलं, आबांनी ऐकून घेतलं नाही. जामनेरहून येईपर्यंत त्याची गाडी धुळीने भरली होती, ती भगवानभाऊंनी आधी धुतली आणि मग तिला बसवून दिलं. तिच्या हाताशिवाय भगवानभाऊंना ती गर्दी झेपणारी नव्हती; ऐन आखाजीत दुकानाचं शटर खाली. गाड्या येऊन परत जात होत्या आणि आबा खाटेवर बसून प्रत्येकाला कारण सांगत होते. सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता, पण आवाजात काय ऐट!

"ते तठे मोबाइलवर लिखी टाक ना. बठ्ठास्ले दिसाले पाहिजे."

मी पान उघडलं. सगळ्यांना दिसेल असं, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुकान बंद आहे. कल्पनाताई माहेरी गेल्या आहेत.' वाचून दाखवलं. आबा खूश.

"आणि उघडणार कधी, तेही लिहायला हवं ना, आबा? लोक विचारतील."

पलीकडे खाट करकरली.

"ते नको लिखू," आबा म्हणाले. "ती जवय यी, तवय उघडसूत."